खाच पडलेला दात

प्रिय मास्तर,

दचकू नका. ‘प्रिय’ मी म्हटलेलं नाही, नातीने लिहिलंय. पत्र तसंच सुरू करतात म्हणे. उभ्या जन्मात मी तुम्हाला ‘अहो’ नि ‘मास्तर’च्या पुढे काही म्हटलं नाही, आणि आता या वयात थेट कागदावर! पण ती खोडायला निघाली, तर म्हटलं, असू दे आता.

फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ करता. थोरला तिकडून सांगतो, गळ्याच्या गाठीला रेडिएशनचा शेक सुरू झाल्यापासून बाबांचं तोंड सोलून निघालंय, बोलवत नाही. तसा आपल्या घरात बोलायचा मक्ता पहिल्यापासून माझाच. पण तेव्हा तुमच्या ‘हं’ला चेहरा असायचा. फोनमधल्या ‘हं’चं मी काय करू? म्हणून मी बोलतेय आणि नात लिहितेय. मधेच हसते, अक्षर वाकडं आलं तर तिला बोला.

घरचं ठीक आहे. शिलाई मशीनवर चादर टाकून ठेवलीय. मास्तर कधी येणार, असं गिऱ्हाइकं दारातून विचारून जातात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला दम धरवला नाही, त्याने पँट दुसरीकडे आखूड करून घेतली. आता त्याचा एक पाय लग्नाला निघालाय आणि दुसरा घरीच राहिलाय.

दातांच्या डॉक्टरीणबाईने साचे बनवायला तुमच्या दातांचा प्लास्टरचा ठसा घेतला होता ना, तो मी फळीवर घड्याळाशेजारी ठेवलाय. नातीला भीती वाटते. तिने रुमाल टाकला होता, मी काढला. त्याच्या बुडाशी तुमचं नाव लिहिलंय म्हणे. मला अक्षर कुठे येतं? पण समोरच्या दाताची खाच ओळखता येते. जन्मभर दाताने धागा तोडून पडलेली. बाईने ती खाच बघूनच विचारलं होतं, शिंपीकाम करता का? केवढे फुलला होतात, जशी काही पदवीच मिळाली! दुपारी मी त्या ठशासमोर बसते. तुमच्यापेक्षा गुणी आहे, चहा गार झाला म्हणून कुरकुरत नाही. पण मी काही बोलले, तर हसतही नाही हो.

त्या दिवशी बाईने दातांच्या कण्या करून समजावलं होतं. शेकाने लाळ आटते. लाळ आटली की दातांना धुणारं कुणी उरत नाही, चांगले धडधाकट दातही भराभर किडतात. आणि मग काढायचे म्हटलं तर शेकलेल्या जबड्याचं हाड धड भरून येत नाही. म्हणून तर तुमच्या दोन खराब दाढा आधीच काढल्या. बाकीच्यांसाठी ते पारदर्शक साचे. रोज त्यात फ्लोराइडचं औषध भरायचं, दातांवर बसवायचे, काढल्यावर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. एरवी घोट घोट पाणी पीत राहायचं, आणि खिशातली पेपरमिंट बंद. मी विचारलं, हे साचे किती दिवस? ती म्हणाली, शेक संपला तरी सोडायचे नाहीत, जन्मभर. मास्तर, मला तो शब्द इतका गोड लागला! तुम्ही मात्र भिंतीकडे बघत होतात.

काल न्हावी त्याच पँटचं बटण मागायला आला. मी बटणांचा डबा उपडा केला. तळाशी रुमालात गुंडाळलेले साचे निघाले, आणि औषधाची न उघडलेली ट्यूब. विसरलो म्हणाल. तुम्ही? मापाची टेपसुद्धा दवाखान्यात घेऊन जाणारा माणूस? दात किडायला माणूस पुढे जगावा लागतो. ते पुढचं जगणंच तुम्ही डब्यात टाकून गेलात, आणि वर बटणं पसरलीत. मला पत्ता लागू दिला नाहीत. नात लिहिताना थांबलीय. लिही गं.

जावई उद्या तिकडे यायला निघतायत, त्यांच्या हाती साचे आणि ट्यूब पाठवतेय. आधी तिथल्या दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा. औषध झोंबलं तर सौम्य मिळतं, मी बाईला विचारून आलेय. थोरला रोज समोर उभा राहील. त्याच्यावर रागवा, खुणांनी रागवा, पण साचे लावा.

माझा राखाडी कोट खुंटीवर तसाच आहे. तुम्हाला न्यायला गाडी दारात आली आणि शेवटच्या बटणाचा धागा तोडायचा राहिला. सुई अजून लोंबतेय. घरात कात्र्यांना तोटा नाही. नात कात्री घेऊन आली, तर मी तिच्या हातावर चापट मारली. थंडी पडलीय आणि मी शेजारणीची शाल मागून पांघरतेय. यापुढे दाताने धागा तोडायचा नाही अशी बाईची तंबी आहे, ठाऊक आहे मला. पण हा एक येऊन तोडा. आपण दोघं तिला सांगायचं नाही.

तुमचीच

(हे नातीच्या मनाचं नाही. मी सांगितलंय.)