बोल्टवरचा पिवळा ठिपका

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. तू फोन करतोस आणि मी हं हं करून ठेवून देतो, याचा राग मानू नकोस. फोनवर मला पूर्वीही बोलता येत नव्हते. तेव्हा तुझी ताई शेजारून फोन काढून घ्यायची, म्हणून ते कुणाच्या लक्षात आले नाही. लिहिणे जमते.

प्रकृती बरी आहे. दुकान पुन्हा उघडले. लोक औषधाच्या चिठ्ठीबरोबर सांत्वनही पुढे करतात. मी चिठ्ठी तेवढी घेतो. काही आजार नसताना, उभ्या उभ्या गेली, नशीबवान होती, असे प्रत्येकाचे म्हणणे पडते. मी मान डोलावतो.

एक ठरवले आहे ते सांगतो. गाडीचे तेल बदलायला झाले असावे. आमचे भांडण तुला माहीत आहे. मी म्हणायचो, गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये द्यावी, ती माणसे त्यासाठीच बसली आहेत. ती म्हणायची की पंपाच्या कारखान्यात नकाशे काढण्यात तिचा जन्म गेला, एक बोल्ट उघडायला ती दुसऱ्याच्या दारात जाणार नाही, आणि मी आपल्या गोळ्या मोजाव्यात. लग्नापासून हे चालले होते. आता माझे म्हणणे खोडायला कुणी नाही, तर मलाच कंपनीत जावेसे वाटत नाही. तिच्यासारखे घरीच करणार आहे. इतकी वर्षे वर उभा राहून पाने हातात दिले, थोडेफार डोक्यात शिरले असेलच.

मुलीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नये.

तुझा,
भाऊजी

---

ता. ९ फेब्रुवारी

ती. स्व. भाऊजींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी बरं वाटलं, आणि शेवटाला आलो तसा लगेच हे उत्तर लिहायला बसलो. भाऊजी, तुम्ही आणि गाडीखाली? न्हाणीघराचा नळ बसवायला घेतलात तेव्हा अख्ख्या इमारतीचं पाणी गेलं होतं, आणि ताई दारोदार माफी मागत फिरली होती. परत येऊन म्हणाली होती की, नवरा औषध चांगलं देतो, फक्त त्याच्या हातात पाना देऊ नये.

माझं ऐका. गाडी कंपनीतच द्या. तुम्हीच आयुष्यभर हे सांगत होतात, आता आम्ही ऐकतोय तर तुम्ही फिरलात. सर्व्हिसची तारीख याच महिन्यात आहे, उशीर नको. किंवा थोडं थांबा, मी रजा काढून येतो आणि नेऊन आणतो. तोवर बॉनेटला हात लावू नका. गॅरेजमधलं कपाटही तसंच राहू द्या, ते मी आल्यावर आवरू.

इकडे सगळे ठीक. मुलगी सायकलवरून पडली, गुडघा फुटला. तुमचंच मलम लावलं. रडली नाही, पण मलमाला वास येतो अशी तक्रार तुमच्यापर्यंत पोचवायला सांगितलीय.

जेवण वेळेवर घ्या. धाकट्यावर माया ठेवता तशीच ठेवावी.

तुमचा,
धाकटा

---

ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझे पत्र हातात पडले तेव्हा मी गाडीखाली जाऊन आलो होतो. तेल बदलले नाही. काय झाले ते लिहितो.

गाडी जॅकने उचलली, खाली स्टँड लावले, तिची चटई घातली आणि बॅटरी घेऊन आत सरकलो. तेल सोडायचा बोल्ट सापडला. त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. कंपनीत एक माणूस बोल्ट आवळतो, दुसरा तपासतो आणि रंग लावतो. हे मीच तिला कौतुकाने सांगायचो. ती म्हणायची की ज्याला स्वतःच्या हातावर भरवसा नाही तो रंग लावतो. तिने कधी लावला नाही. शेजारचा फिल्टरही कंपनीच्या नावाचा होता.

बाहेर येऊन कपाट उघडले. माझ्यादेखत आणलेले फिल्टर तिथे होते, खोकी न फोडलेली. एक खोके हाताला हलके लागले आणि आत काही खुळखुळले. उघडले तर गोळ्यांच्या पट्ट्या, बऱ्याच रिकाम्या, एक अर्धी. ती औषधे मी रोज देतो. पट्ट्या उलट्या असत्या तरी ओळखल्या असत्या. हृदय थकले, अंगात पाणी साठू लागले, आडवे झाले की दम लागतो, अशा माणसाला देतात. काउंटरवरून मी अशांना सांगतो की रात्री दोन उशा घ्या. ती दोन वर्षे दोन उशा घेत होती. मान धरते म्हणाली होती. मी मानेला लावायला मलम आणून दिले होते.

त्याच दोन वर्षांत तेल काढायची वेळ आली की ती मला चहा टाकायला आत पाठवायची. मी बाहेर येईपर्यंत स्टुलावर बसून चिंधीने हात पुसत असायची. शेजारी ट्रेमध्ये काळे तेल. मी विचारायचो, झाले का. ती म्हणायची, झाले, तुमच्या कंपनीने अजून टोकनच दिले नसते. मी चिडायचो, ती हसायची, आणि आम्ही चहा प्यायचो.

आणि दर वेळी आदल्या आठवड्यात तू आलेला असायचास. गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवून आणतो म्हणून दिवसभर घेऊन जायचास. मी तुला पेट्रोल उडव्या म्हणायचो.

ती पट्टी माझ्या दुकानातली नाही. सर्व्हिसची तारीख तुला तिकडे बसून कळते आणि मला इथे कळत नाही. कपाटाला हात लावू नका म्हणालास. तुला काय माहीत होते ते सगळे लिही. मला समजावू नकोस.

उत्तराची वाट पाहतो.

भाऊजी

---

ता. २४ फेब्रुवारी

ती. स्व. भाऊजींस सा. न. वि. वि.

समजावू नको म्हणालात, म्हणून नुसतं सांगतो. तुम्हाला वाटलंय ते सगळं खरं आहे.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही दुकानात असताना ती गाडीखाली गेली आणि तिचा श्वास अडकला. कशीबशी बाहेर आली. मला फोन करून हसत म्हणाली की गाडी छातीवर बसली होती. मग आमच्याकडे आठवडाभर राहायला आली, आठवत असेल. तेव्हा इथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हृदय थकलंय, औषधाने काही काळ निभेल, पण पूर्ववत होणार नाही. घरी परतताना तिने मला मुलीच्या गळ्याची शपथ घातली.

मी खूप भांडलो तिच्याशी. ती म्हणाली, औषधवाल्याला बायकोचा आजार कळला की तो नवरा राहत नाही. तुम्ही दुकान बंद करून उशाशी बसाल आणि तिचे श्वास मोजाल. आणखी एक म्हणाली, तेही लिहितो. म्हणाली की, ते गाडीवरून माझ्याशी भांडतात तेवढा वेळ मी बरी असते. त्यांना कळलं की ते माझं सगळं ऐकायला लागतील, आणि मग मला कळेल की मी चालले.

गोळ्या मी इथून फिल्टरच्या खोक्यात घालून आणायचो. गाडी कंपनीत मीच न्यायचो, फोन नंबरही माझाच दिलेला आहे. ट्रेमधलं तेल शेवटचं तिने स्वतः काढलेलं होतं, ते तिने डब्यात भरून ठेवलं होतं. तुम्ही आत गेलात की ट्रेमध्ये ओतायची आणि हात बुडवायची. पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला फोनवर सांगताना हसत होती. मग एकदम मुलीला फोन दे म्हणाली.

सांगते, सांगते म्हणायची. आधी उन्हाळा जाऊ दे, मग दुकानातल्या मालाची मोजणी होऊ दे. मला वाटलं, वेळ आहे.

यापुढे मी लोभ मागावा असं माझ्याकडे काही उरलेलं नाही. तुम्हीच काय ते ठरवा.

तुमचा,
धाकटा

---

ता. ५ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पत्र बरेच दिवस टेबलावर पडून होते. रोज वाचत होतो.

तिचे कारण मी खरे मानतो. पटत नाही. भांडायला दोघे लागतात. दोन वर्षे मी तावातावाने कंपनीची बाजू मांडत होतो आणि गाडी कंपनीतच जात होती. ती केव्हाच हरली होती. माझा विजय तुम्हा दोघांना माहीत होता, मला नव्हता.

परवा दुकानात एक म्हातारे जोडपे आले. चिठ्ठीवर तीच औषधे. सवयीने मी सांगितले, यांना दोन उशा द्या. बाई म्हणाल्या की देतात, पण हे झोपेत खाली घसरतात, मग त्या उठून उशा सारख्या करतात आणि स्वतःची झोपमोड होते. फार वैतागून सांगत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला. गोळ्या देताना चुकलो आणि पुन्हा मोजल्या.

तुझ्यावर राग आहे. तिच्यावर धरायला ती नाही, म्हणून तिच्या वाटचाही तुलाच घ्यावा लागेल. ती असेपर्यंत तू शपथ पाळलीस, ते मी सोडून देतो. पण ती गेल्यावर भेटायला आलेली माणसे म्हणत होती की अगदी अचानक झाले. तू माझ्या शेजारी बसला होतास. मी मान डोलावली आणि माझे बघून तूही डोलावलीस. तेव्हा तुला कुणाची शपथ होती? तेवढे मला अजून गिळता येत नाही.

गाडी कंपनीत देणार नाही. ती तशीच स्टँडवर उभी आहे. त्यांनी बोल्ट मशीनने आवळला आहे, मला सुटला नाही. रजा काढणार होतास ती काढ आणि ये. लांब दांड्याचा पाना घेऊन ये. तू वर उभा राहून पाने द्यायचे, खाली मी जाणार. खालून वरच्या माणसाचे तोंड दिसत नाही, फक्त पावले दिसतात. समोर बसून मला तुला काही विचारता येणार नाही आणि तुलाही धड सांगता येणार नाही, हे आपण दोघेही जाणतो. तिथून विचारीन. जे असेल ते तू सांगायचेस, आणि मला बरे वाटावे म्हणून त्यात काही घालायचे नाही.

सगळ्यांत आधी काय विचारणार ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे वाटेत तुला विचार करता येईल. ती घाबरली होती का, एवढे मला हवे आहे.

मुलीला आशीर्वाद. तू यावेस, इतकाच लोभ मागतो.

तुझा,
भाऊजी