भाऊजींचा कॅमेरा आणि समोरची खिडकी

प्रिय भाऊजींना,

वहिनीचा नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून ते लिहून टाकते. खरं-खोटं पुढे कळेलच. तुमची पाठ कशी आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? (मी फोनवर असले की त्यांना हटकून खोकला येतो. ती फोन ठेवायची खूण असेल तर काही हरकत नाही, पण खरंच खोकला असेल तर औषध घ्यायला सांगा.) पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर मी मुद्द्यावर यायच्या आत तुमची मीटिंग सुरू होते. शिवाय पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार खिडकीमागे माझी इतकी वर्षं गेली. तिथे येणारा माणूस आधी हवापाण्याचं बोलतो, मग शेजाऱ्याची गाऱ्हाणी सांगतो आणि अगदी वळता वळता म्हणतो की घरी नळाला पाणी नाही. ती सवय मलाही लागली आहे, तेव्हा पत्र अर्ध्यात ठेवू नका.

तर तुमचा कॅमेरा पोचला. तुमच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला होता, त्यामुळे त्याला ओरखडाही आला नाही. (स्वेटर ओटा पुसायला छान उपयोगी पडला, आभार.) सोबतची तुमची चिठ्ठी मी आईंना मोठ्याने वाचून दाखवली: नवा घेतला, म्हणून हा जुना तुम्हाला, आईचे छान छान फोटो काढून पाठवत जा, म्हणजे मला घरी येऊन गेल्यासारखं वाटेल. आई म्हणाल्या, "गुणाचं आहे पोर." मी काहीच म्हणाले नाही. मी काहीच म्हणाले नाही की आमच्या घरात लोक सावध होतात.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण तुमचे दादा वजनमापे निरीक्षक. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा तपासल्याशिवाय घरात ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. धर्माची गाय आणि दात का गं नाय, तशातली गत. तुमचा कॅमेरा चालतो का हे विचारायला ते कोपऱ्यावरच्या कॅमेरेवाल्याकडे गेले आणि येताना दुसराच एक घेऊन आले, म्हणजे विकत नव्हे, 'पाहायला'. मुठीत मावेल एवढा, पण बटण दाबलं की आतून नळी बाहेर येत जाते आणि लांबचं सगळं जवळ आणून ठेवते. सुपरझूम म्हणतात त्याला. दुकानदार म्हणाला, साहेब, हवे तितके दिवस ठेवा. ह्यांना वाटतं हा आपल्या स्वभावाचा गोडवा. मला माहीत आहे की दुकानदाराच्या भावाचं किराणा दुकान आहे आणि त्या दुकानात तराजू आहे.

मग आमच्या जेवणाच्या टेबलाची प्रयोगशाळा झाली. दोन्ही कॅमेरे माझ्या पिठाच्या काट्यावर तोलले गेले. (तुमचा जड निघाला, म्हणून त्याला पहिला गुण. वजनाला आमच्याकडे फार मान.) पुढचे कितीतरी दिवस हे कचेरीतून आले की नेटवरचे व्हिडिओ बघायचे आणि त्यात ऐकलेलं मला पोळ्या लाटताना ऐकवायचे. मोठ्याचा सेन्सर मोठा, छोट्याचा सेन्सर नखाएवढा. कमी उजेडात मोठ्याच्या फोटोवर रव्यासारखे दाणे पडत नाहीत, छोट्याच्या पडतात. मी म्हटलं, आपल्याकडे कमी उजेडात फोटो काढण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, प्रश्न तत्त्वाचा आहे. तुमचा कॅमेरा मला आपल्या थोरल्या जावईबापूंसारखा वाटतो, खोटं कशाला बोलू. अंगाने भारदस्त, बॅग वेगळी, पुसायचं फडकं वेगळं, आणि जरा लांबचं काम सांगितलं की त्यासाठी वेगळी लेन्स लागेल म्हणून हात वर. शिवाय तो इतका जुना आहे की फोटो निघेपर्यंत मागच्या पडद्यावर काही उमटतच नाही. वरच्या भोकाला डोळा लावायचा, बटण दाबायचं आणि मग काय झालं ते बघायचं. छोट्याचं तसं नाही. जे समोर आहे ते पडद्यावर आधीच चालू असतं. समोरच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं असल्याचं मला त्याच्यातूनच कळलं, आणि त्यांना आमच्या कचेरीची नोटीसही गेली.

आता ह्यांनी परीक्षा कशाची घेतली ते ऐका. कचेरीतली जुनी पितळी वजनं घरी पडून आहेत ना, ती सगळी उंचीप्रमाणे टेबलावर मांडली आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी त्यांचे फोटो काढले. सकाळच्या उन्हात, दुपारच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली, खिडकी उघडी ठेवून, खिडकी लावून. शेकड्याने फोटो, आणि त्यात माणूस म्हणून एक नाही. मी विचारलं, तर म्हणाले माणसं हलतात, मोजमाप चुकतं. शेवटी निष्कर्ष काय, तर दोन्ही कॅमेरे मान्य मर्यादेत आहेत. म्हणजे जिथून निघालो होतो तिथेच आलो, फक्त मधल्या काळात आम्ही सगळे पलंगावर बसून जेवलो.

ह्या फोटोंना दाद द्यायला घरात एकच माणूस होता, आई. हे कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरायचे आणि त्या म्हणायच्या, "छान आलाय हो." हे फुलून जायचे. एक दिवस तुमच्या कॅमेऱ्याचं टोपण काढायचं राहिलं आणि फोटो आला मिट्ट काळा. ते न बघताच ह्यांनी तो आईंपुढे धरला. आई म्हणाल्या, "छान आलाय हो, रंग किती उठून दिसतात." हे पुढच्या वजनाकडे वळले. माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नजरेचा मधला भाग झिजला आहे, म्हणाले. आजचं नाही, बरेच दिवस झाले असणार. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे माणूस समोर बसला तर त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट गोळा. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायचं. आई सगळ्यांना पावलांवरून आणि आवाजावरून ओळखत होत्या, आणि ज्या बाईने जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून लोकांची दुखणी हुडकून काढली, तिने स्वतःचं दुखणं आमच्यापासून बेमालूम लपवलं होतं. मला फार वाईट वाटलं. ह्यांनाही वाटलं, पण वेगळ्या कारणाने. मध्यंतरी ह्यांनी मिशा काढल्या तेव्हा आई काही बोलल्या नाहीत, म्हणून त्यांना आपला नवा चेहरा आवडला असा ह्यांचा समज होता.

आता समोरच्या मास्तरीणबाईंबद्दल सांगते. तुम्ही गेलात त्यानंतर त्या राहायला आल्या, त्यामुळे तुमची त्यांची ओळख नाही. शाळेत गणित शिकवायच्या. आईंचं आणि त्यांचं असं काही जमलं की रोज संध्याकाळी दोघी खालच्या बाकावर. मग आईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिसऱ्या मजल्यावरून त्यांचं उतरणं बंद झालं. मास्तरीणबाईंना दम्याने आमचा जिना चढवेना. तेव्हापासून दोघी आपापल्या खिडकीत बसून, मधे रस्ता ठेवून, फोनवर बोलतात. मास्तरीणबाई हात हलवतात आणि आईही हलवतात. आपण खिडकीच्या पडद्याला हात करतोय की माणसाला, हे आईंना कळत नव्हतं, ते आम्हाला आत्ता कळलं.

छोट्या कॅमेऱ्याबरोबर एक वायर आली होती. मी ती टीव्हीला लावली, कॅमेरा खिडकीत पुस्तकांच्या ढिगावर ठेवला आणि नळी पूर्ण बाहेर काढली. आईंना टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची दिली. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं त्या मान जराशी वाकडी करून, कडेने बघत होत्या. आणि अख्ख्या टीव्हीभर मास्तरीणबाई उमटल्या. आईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग फोन उचलून पहिलं वाक्य काय, तर "दात नवे बसवलेस आणि मला सांगितलं नाहीस?" पलीकडून मास्तरीणबाई इतक्या हसल्या की ते दात नीटच दिसले. फोन ठेवल्यावर आई मला म्हणाल्या, "इतके दिवस मी नुसत्या आवाजाशीच बोलत होते गं. म्हातारी झाली माझी मास्तरीण." त्यांना रडू आलं होतं आणि त्या खूशही होत्या. असं मी त्यांना खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मास्तरीणबाई केस विंचरून, पावडर लावूनच खिडकीत बसतात. सगळं सुरळीत चाललं होतं. पण परवा त्यांना झोप लागली म्हणून आईंनी मला कॅमेरा जरा खाली, रस्त्याकडे वळवायला सांगितला. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर एक गृहस्थ दोन्ही हातांत एकेक कोन घेऊन उभे होते, आणि कोणता आधी वितळतोय ह्याचा अंदाज घेत आळीपाळीने चाटत होते. आई पुढे सरकून म्हणाल्या, "हा कोण गं? आपल्या थोरल्यासारखा दिसतोय. पण ह्याच्या मिशा कुठे गेल्या?" (रक्तातल्या साखरेसाठी तुमच्या दादांना डॉक्टरांनी काय बंद केलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. कचेरीत फार काम आहे, असंही ते सकाळी सांगून गेले होते.)

त्या संध्याकाळपासून ह्यांचं मत पक्कं झालं: तुमचाच कॅमेरा ठेवायचा. छोट्याचा सेन्सर नखाएवढा. छोट्याने शेजाऱ्यांवर टेहळणी होते, सभ्य वस्तीत हे शोभत नाही. आणि मुख्य म्हणजे भावाने प्रेमाने दिलेली वस्तू बाजूला कशी ठेवायची? भावाचं प्रेम तोवर एकदाही काट्यावर चढलं नव्हतं. घरात दोन कॅमेरे म्हणजे चैन, एक परत गेलाच पाहिजे, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, तुमच्या मोठ्या सेन्सरातून आईंना मास्तरीणबाई दाखवा, मी आत्ता गप्प बसते. तर म्हणाले, धाकट्याला विचारू, तो त्यातला जाणकार आहे, तो म्हणेल ते. आई म्हणाल्या, "मला काय, कसलाही चालेल." मग थोड्या वेळाने, "पण टीव्हीचा असला तर बरं."

तेव्हा भाऊजी, निवाडा तुमच्या हातात आहे. एका बाजूला तुम्ही दिलेला, ज्याने आई तुम्हाला छान दिसतील. दुसऱ्या बाजूला हा छोटा, ज्याने आईंना दिसतं. तुम्ही जाणकार आहात, मी काय सांगणार. जाऊबाईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पाठ शेकत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. निवाड्याची घाई करू नका. काल मी तुमचा कॅमेरा दुकानात देऊन त्या बदल्यात छोटा कायमचा ठेवून घेतला. ह्यांना अजून पत्ता नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत मी पितळी वजनं भरून ती कपाटात ठेवली आहे. काल रात्री आणि आज सकाळी ह्यांनी ती उचलून बघितली आणि समाधानाने परत ठेवली. तुम्ही उत्तरात 'छोटा ठेवा' एवढंच लिहिलंत की आपण सगळे सुटलो.

आणखी एक. खरं काम हे आहे. सुट्टी काढून या. आलात की थेट आपल्याकडे येऊ नका, आधी समोर मास्तरीणबाईंकडे जा. त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे, त्या खिडकीतली खुर्ची तुम्हाला देतील. तिथे नुसते बसा. हसू नका, फोन बघू नका, कॅमेऱ्याकडे तर बघूच नका. आईंचं पोटभर बघून झालं की मी हाक मारेन, मग रस्ता ओलांडून वर या. व्हिडिओ कॉल करतो म्हणू नका. त्यात तुमचं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो, तोही अडकत अडकत. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा आई "किती वाळलास रे" म्हणाल्या होत्या, आणि आईची नजर अजून कशी शाबूत आहे हे तुम्ही आम्हाला कौतुकाने सांगितलं होतंत. परवा मी त्यांना विचारलं. त्यांनी तुमचं मनगट धरून पाहिलं होतं. चेहरा त्यांना दिसलाच नव्हता.