जाहिराती परत आल्या

लाखनी, बस स्टँड
ता. ४ डिसेंबर

प्रिय रश्मी,

सप्रेम जय भीम. आधी बातमी सांगते, ख्यालीखुशाली मंग. जाहिराती परत आल्या! आपल्या साइटवर, पोरी, आज सकाळी, माझ्या डोळ्यादेखत. एक मास्तर साकोलीले जायले उभे होते. अर्धा किलो उकडलेले शिंगाडे मागून राहिले होते अन् दुसऱ्या हातानं फोन पाहून राहिले होते, गाडी कधी येते म्हणून. मी वाकून पाहिलं तर आपलंच पान! तू केलेलं, निळ्या रंगाचं. त्या बिचाऱ्याले काय ठाऊक, पानावर 'आजी सांगते' लिहिलं आहे ती आजी त्याच्यासमोर शिंगाडे तोलून राहिली आहे. अन् खाली, जिथं दोन महिने दात पडल्यासारखी खिंड दिसत होती, तिथं चाकाची बॅग! लाल, चकचकीत, ओढत न्यायची. माझा तराजूच कलंडला. शिंगाडे घरंगळत पवनीच्या गाडीखाली. मास्तर म्हणे, बाई चक्कर आली का? मी म्हटलं, चक्कर नाही गुरुजी, बॅग आली. त्याचा अंगठा त्या बॅगेकडे जाऊन राहिला होता, मी लगेच तोंड फिरवलं. पाहायचं नाही, बोलायचं नाही, 'दाबा' तर मुळीच म्हणायचं नाही. त्याचं त्यानं ठरवायचं. एवढी शिस्त आता माझ्या अंगात आली आहे.

तुले तर वाटलं होतं सगळं संपलं. दसऱ्याच्या चार दिवस आधी जाहिरातवाल्या कंपनीचं पत्र आलं फोनवर, का तुमच्या इथून कोणी कमाई वाढवायले जाणूनबुजून जाहिराती दाबून राहिलं आहे, खातं बंद. परत चालू करायले एकदाच अर्ज करता येईल. तू होस्टेलमध्ये रडली. मले फोनवर म्हटलं, आजी, सगळं दाबणं लाखनीतून झालं आहे, आकडे दिसतात. अन् लाखनीत आपल्या साइटची चाबी जीवनजवळ, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान इथं, पोळ्याच्या वेळी तोच म्हणाला होता का कमाई मुंगीच्या चालीनं चालली आहे, काही तरी करावं लागेल. झालं. तू त्याले चोर म्हटलं, अन् त्या दिवसापासून त्याच्याशी बोलत नाही. आठवीपासूनची तुमची जोडी. पवनी, साकोली, तुमसर, एकेक स्टँड त्यानं त्या खटारा मोटारसायकलवर पालथा घातला अन् गाड्यांचे टाइम लिहून आणले. तुमचं भांडणही मले गोड लागत होतं. तो म्हणे पान हिरवं पाहिजे, तू म्हणे निळं, तो म्हणे तुझ्या निळ्यानं डोळे दुखतात, तू म्हणे चष्मा लाव बुढ्या. आता दोन महिने झाले, तो माझ्या दुकानापुढं येते, शिंगाडे घेते, तुझा अभ्यास कसा चालला विचारते अन् उत्तर ऐकायच्या आधीच निघून जाते.

मले आज इतकं आनंदानं भरून आलं आहे का काय आधी लिहू अन् काय मंग, समजत नाही. चौथीपर्यंतच्या शिक्षणात एवढं लांब पत्र कोणी शिकवलं नव्हतं. तुझा आजोबा राहिला असता तर त्याले पहिले सांगितलं असतं. जिल्हा तुटला त्या वर्षी मी हे दुकान लावलं, एक टोपलं अन् एक पोतं. गोंदिया वेगळा झाला, गाड्यांचे टाइम बदलले, अन् स्टँडवरचा बोर्ड मात्र जुनाच राहिला. लोकं बोर्ड पाहत, मंग माझ्याकडे पाहत. मी सांगत गेली. बोर्डावर साडेआठ लिहिलं आहे ती गाडी पावणेनऊले येते, अन् भैय्यालाल ड्रायव्हर असला तर नऊले, काहून का तो सासुरवाडीतून दही घेऊन येते. बाजाराच्या दिवशी मागची गाडी पकडा, पहिलीत पाय ठेवायले जागा नसते. तुझा आजोबा म्हणे, खिडकीतल्या बाबूले सरकार पगार देते, तुले काय देते? मी म्हणे, लोकं दुआ देतात. तो म्हणे, दुआ उकडून खा. तर ती बिनपगारी बडबड तू सतरा वर्षांची असताना वहीत लिहून घेतली, जीवननं ती मशीनमध्ये चढवली, अन् तुले अठरा पूर्ण नव्हते म्हणून खातं निघालं माझ्या नावानं. तुलाराम पोस्टमन पाकीट घेऊन आला तेव्हा सारा स्टँड गोळा झाला होता. श्रीमती मंगलाबाई केशवराव रामटेके! आत कंपनीनं पत्ता तपासायले पाठवलेले सहा आकडे. माझ्या नावावर आलेलं पहिलं पाकीट अन् त्यात लिहिलेलं काहीच नाही, नुसते आकडे. पण ते तुले फोनवर वाचून दाखवताना माझा आवाज कसा झाला होता, आठवते ना?

जाहिरातीची गंमत मले तुझ्यापेक्षा लवकर समजली, हे तू मान्य कर. जीवन समजावून सांगून राहिला होता, का आजी, मशीन पानावरचं वाचते, अन् ज्या गोष्टीचं पान, त्या गोष्टीची जाहिरात लावते. मी म्हटलं, अरे बापा, हे तर मी चोवीस वर्षांपासून करून राहिली आहे. कडेवर लेकरू दिसलं का मुरमुऱ्याचा लाडू पुढं करायचा. सरकारी दवाखान्यातून आलेला माणूस दिसला का लिंबू. नवीन जोडपं दिसलं का काहीच दाखवायचं नाही, ते आपसातच दंग, त्यांना गाडीही दिसत नाही. तोंड पाहून माल काढायचा. ते मशीन तोंड पाहत नाही, शब्द पाहते, एवढाच फरक. मी सांगितलं होतं का सकाळच्या पवनी गाडीत मागच्या बाजूले बकऱ्या चढवतात, पुढं बसा. तू ते जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या पानावर शेळीपालनाच्या शिबिराची जाहिरात! तू अन् जीवन हसून हसून जमिनीवर लोळले. अन् लग्नाच्या दिवसांत जागा मिळणार नाही असं लिहिलं तर मंगळसूत्रं चमकायले लागली. पण तू एक गोष्ट पक्की सांगितली होती, का जाहिरातीसाठी आजी खोटं एक अक्षर सांगायचं नाही, गाडीचं खरं तेच लिहायचं, लोकं आपल्या भरवशावर घरून निघतात. ते मले पटलं. माप मारून विकलं तर गिऱ्हाईक एकदाच येते.

आपल्या बचत गटाच्या बाया तर साइटवर बम खूश होत्या. रोज संध्याकाळी पाच वाजता दुकानामागच्या ओट्यावर बसतात ना, वीसेक जणी. सरिताच्या फोनवर सगळ्या वाकून पाहत. मंगलाबाईची कमाई होऊन राहिली आहे, परदेशातली कंपनी पैसे देणार आहे, हे पाहून त्यांनाच जास्त हुरूप. मंदाबाई म्हणे, बाई, रोवण्यात आपण एकमेकीच्या बांधीत जाऊन धान लावतो, तर तुझ्या ह्या कामाले आम्ही काहून नाही यायचं? माझा ऊर भरून आला होता. ते पुढचं पुढं सांगते. आता नको, गिऱ्हाईक आलं.

आली परत. भंडाऱ्याची गाडी गेली. हं, तर अर्ज. तू म्हटलं होतं मी अर्ज करत नाही, काय लिहू, का माझा दोस्त चोर आहे? मुदत जाऊन राहिली होती. तेव्हा दसऱ्यानंतर जीवन माझ्याजवळ आला, डब्यावर बसला, म्हणे आजी, खातं तुमचं आहे, अर्ज तुमचाच पाहिजे, तुम्ही बोला, मी लिहितो. तीन दिवस लागले. एक वाक्य बोललं का एक गाडी येते. मी सुरुवात केली का मी गरीब म्हातारी, माझे गुडघे दुखतात, तर तो म्हणे, कंपनीले तुमच्या गुडघ्यांशी काय करायचं आहे? कोणी दाबलं, कधी दाबलं, काहून दाबलं, अन् पुढं होणार नाही यासाठी काय करणार, एवढंच सांगा, अन् खरं सांगा. मी म्हटलं, खरं सांगितलं अन् त्यांनी नाही म्हटलं तर? तो म्हणे, तर नाही म्हटलं. पण खोटं लिहून हो मिळालं तर ते रश्मीच्या साइटवर चालणार नाही. असा आहे तो. काल दुपारी उत्तर आलं, अर्ज मंजूर. दुकानाचं शटर अर्धं टाकून धावत आला, चप्पल एकाच पायात, मले उचलायलेच निघाला होता, मंग वजनाचा अंदाज घेऊन बेत रद्द केला. माझे उरलेले सगळे शिंगाडे विकत घेतले अन् उभ्या गाडीतल्या लोकांना वाटून टाकले. कंडक्टर विचारे, मुलगा झाला का? मले मात्र विश्वास नव्हता. बॅग पाहिली तेव्हा झाला. मी जीवनले म्हटलं, आता रश्मीले फोन लाव. तर त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणे, तुम्हीच सांगा आजी, अन् माझं नाव नका घेऊ, तिची परीक्षा आहे.

आता ते राहिलेलं. अर्जात काय लिहिलं ते तुले शब्दाशब्दानं सांगते, तिथं खरं लिहिलं अन् तुले नाही, हे मले सोसत नाही. लिहिलं होतं का मी, मंगलाबाई, माझ्या गटाच्या वीस बायायले घेऊन भादव्यापासून रोज संध्याकाळी पाच ते सहा पाळीपाळीनं जाहिराती दाबत होती, एकेक बाई दहा वेळा, मंदाबाई मोजत होती. कोणी आम्हाले सांगितलं नव्हतं. रोवण्याले गेल्यासारख्या त्या माझ्या मदतीले आल्या होत्या, अन् ज्यानं पैसे देऊन जाहिरात लावली त्याचे पैसे आम्ही फुकट घालवून राहिलो आहो, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. जीवननं दाबलं नाही, रश्मी. एकदाही नाही. त्यानं आकडे पाहिले, पाच ते सहा ही वेळ पाहिली अन् सरळ माझ्याजवळ आला. मी सगळं कबूल केलं. तो आधी हसला, मंग म्हणे, तिले सांगू नका, ती तुमच्यावर चिडेल अन् साइटच बंद करेल, माझ्यावर तर चिडलीच आहे, एकावरच राहू द्या. अन् मी राहू दिलं. तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली मले, म्हणून दोन महिने एका चांगल्या पोराले चोर राहू दिलं. फोनवर चार वेळा सांगायले गेली, पण त्याचं नाव काढलं का तू फोन ठेवते. म्हणून हा कागद. त्याचा नंबर तू खोडून टाकला असशील, मागच्या बाजूले लिहून दिला आहे, आकडे सरिताकडून दोनदा तपासून घेतले. आधी त्याले फोन कर. माझ्यावर मंग चिड, पाहिजे तेवढी चिड, मी कुठं जात नाही.

तुझीच, चुकलेली अन् तरीही आज फार खूश असलेली,
आजी