हिरवं रेलिंग

अमरावती

प्रिय संध्या,

हा विषय निघाला की तू गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवतेस. म्हणून लिहिते आहे. दूध उतू गेलं तरी चालेल, शेवटपर्यंत वाच.

शनिवारी मी जुन्या इमारती दाखवणाऱ्या सहलीला गेले होते. नागपूरचे तरुण आर्किटेक्ट काढतात. सकाळी तू आता राहतेस त्या अकोल्यातलं एक सभागृह दाखवलं, मग बसने अमरावतीत आणलं, ते थेट मी जन्मभर इंग्रजी शिकवलं त्या कॉलेजच्या लायब्ररीत. प्लास्टर नाही, रंग नाही, नुसतं उघडं काँक्रीट. याला ब्रुटलिझम म्हणतात म्हणे. माहिती देणारा ललित नावाचा मुलगा म्हणाला, भिंतीला हात लावून बघा, साच्याच्या फळ्यांची रेषन् रेष उमटली आहे. लोक देवळात लावावा तसा हात लावत होते. मे महिन्यात तिथे बसून पेपर तपासणाऱ्या बाईला विचारा म्हणावं, ती भिंत कशी भाजते ते. पण पोरगा मनापासून बोलत होता, खोटं कशाला सांगू. वरच्या झरोक्यातून उतरणारा उजेड त्याने दाखवला आणि इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहिला.

मग त्याने आम्हाला वरच्या मजल्यावरून उतरणाऱ्या रॅम्पवर नेलं. कठडा मुद्दाम गुडघ्याएवढा ठेवलाय, म्हणाला, म्हणजे चालताना आकाश मोकळं राहतं. आणि त्यावरच्या हिरव्या पाइपांकडे बोट दाखवून, "ही कुण्या प्रिन्सिपॉलसाहेबांची कलाकुसर." लोक हसले. संध्या, लोक हसले! आता दुरुस्तीत ते रेलिंग काढणार आणि इमारत मूळची करणार. मी विचारलं, कोणी पडलं तर? अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही सगळं रेकॉर्ड पाहिलं. इथे कधीच कुणी पडलेलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं आधीच बोलून झालं होतं.

निकालाचा दिवस होता. तुझी रागिणी माझ्या पुढेच उतरत होती. खालून पोरांचा लोंढा आला, त्यांना वाट द्यायला ती बाजूला सरली आणि कठड्याला पाठ टेकवायला गेली. पाठीला कठडा लागलाच नाही. दवाखान्यात ती गेली, तेव्हा तुझ्या नवऱ्याने, खुशालरावांनी सांगितलं, घरच्या गच्चीवरून पडली. कॉलेजला तर ते आयतंच मिळालं. मी भांडायला उठले तेव्हा तू माझा हात धरलास. "लोकं उडी मारली म्हणतीन माय. पोरीचं नाव खराब होईन. तुले माही आन हाय, तोंड उघडू नको." कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना जे कधी जमलं नाही, ते तुला जमलं. मी गप्प बसले. पण प्रिन्सिपॉलच्या दारात रोज जाऊन उभी राहायचे. शेवटी त्यांनी भंगारातले पाइप आणून जोडले आणि हिरवा रंग फासला. कुरूप आहे, कोण नाही म्हणतं? पण या गावात रागिणीसाठी तेवढंच उभं राहिलं.

मंगळवारी कॉलेजात दुरुस्तीची बैठक आहे. मी जाणार आहे आणि तुझ्या लेकीचं नाव घेणार आहे. तुझी आण मोडते आहे, ते तुला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. मी एकटी बोलले तर म्हातारीची बडबड म्हणतील. आई बोलली तर ऐकावं लागेल. खुशालराव गेले, आता भ्यायचं कुणाला? नाही आलीस आणि पुन्हा बोलली नाहीस, तर ते मला चालणार नाही, पण मी चालवून घेईन. सहल संपल्यावर मी जरा मागे थांबले होते. एक मुलगी मोबाइलवर बोलत रॅम्प उतरत होती. समोरून घोळका आला तशी ती बाजूला सरली आणि रेलिंगला पाठ टेकवून उभी राहिली. मागे वळून बघितलंही नाही तिने.

तुझीच,
यामिनी