लिपिका काही जात नाही

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. सकाळी ९
न्याहारीचा पुट्टू खाता खाता निर्णय घेतला. घरचा कॉम्प्युटर साफ करायचा. नवरात्रातल्या पूजेला आठच दिवस उरलेत. अष्टमीच्या संध्याकाळी पुस्तकं, वह्या, हत्यारं, कॉम्प्युटर, सगळं सरस्वतीपुढे मांडायचं आणि दशमीच्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. देवीपुढे कचरा भरलेलं यंत्र ठेवणं मला पटत नाही.

मुख्य कचरा म्हणजे 'लिपिका'. मल्याळम टायपिंगचं सॉफ्टवेअर, २००६ सालचं. माझी बायको विलासिनी अजून त्यावरच टाइप करते. कुंजिक्काव टीचरच्या आठवणी तिने वर्षभर बसून त्यात उतरवल्या. १३२ पानं. टीचर एक्क्याण्णव वर्षांच्या, गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी अक्षर शिकवलं, मलाही. आता त्यांची दृष्टी विझत चालली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, नाताळपर्यंत दिसलं तर नशीब. त्यांची एकच इच्छा आहे. पुस्तक यंदाच्या पूजेत ठेवायचं आणि दशमीला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

असं पुस्तक त्या जुनाट लिपिकात? छे. लिपिका काढणार, नवं सॉफ्टवेअर टाकणार, सुबक छपाई करणार. विलासिनी बहिणीकडे पालक्काडला गेली आहे, उद्या येईल. येईपर्यंत काम फत्ते.

सकाळी ९.४०
लिपिका काढली. चार मिनिटं. सौदीत अल खोबरला बावीस वर्षं उगाच नाही काढली कॉम्प्युटर विभागात. (माझा स्टोअर विभाग शेजारी होता, पण दार एकच.)

सकाळी ११
नवं सॉफ्टवेअर बसत नाही. म्हणतं, जुनी आवृत्ती आधीच आहे, ती आधी काढा. अरे, काढली की!

१५ ऑक्टोबर, रविवार
कारण सापडलं. सॉफ्टवेअर गेलं तरी रजिस्ट्रीत त्याच्या नोंदी मागे राहतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचा माळा. भाडेकरू घर सोडून गेला, पण त्याचं सामान माळ्यावरच. मी शोध दिला. ४१ नोंदी निघाल्या. एकेक हाताने काढायची. आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते नवशिक्यांसाठी.

संध्याकाळी विलासिनी आली. तिने टीचरची फाइल उघडली. पहिल्या ओळीपासून टिंबं, डॉलरची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं. लिपिकाबरोबर फॉन्टही गेले म्हणे. मी समजावलं की अक्षरं कुठे जात नाहीत, फक्त कपडे बदलतात. तिने दोन मिनिटं स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाली, बरं. आणि मासे साफ करायला गेली.

किती विश्वास आहे तिचा माझ्यावर.

१६ ऑक्टोबर, सोमवार
२३ नोंदी काढल्या. १८ उरल्या. वेगाच्या हिशेबाने उद्या दुपारी संपतं.

दुपारी कॉम्प्युटरला प्रिंटर दिसेनासा झाला. योगायोग.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
शेजारचा अंतो डोकावला. तीस वर्षं बस चालवली, कॉम्प्युटरमधलं त्याला ओ का ठो कळत नाही, तरी मागे उभा. म्हणाला, दिवाकरेट्टा (एट्टा म्हणजे दादा), नवीन घ्या की. मी म्हटलं, मुद्दा तत्त्वाचा आहे. तो म्हणाला, तुमच्या पंपाच्या वेळीही तत्त्वच होतं, महिनाभर आम्ही पाणी पुरवलं. अशा लोकांमुळे केरळ मागे आहे.

११ काढल्या. ७ उरल्या. आता फोटोही उघडत नाहीत, पण फोटो काय, आपण एकमेकांना रोज बघतोच.

१८ ऑक्टोबर, बुधवार
एकच नोंद उरली. फक्त एक!

ती काढायला गेलो तर 'परवानगी नाही'. माझं घर, माझं टेबल, आणि मलाच परवानगी नाही. शांतपणे माहिती वाचली. नोंदीची मालकी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. केली. काढली. गेली! विलासिनीला हाक मारून दाखवलं. ती ओल्या हातानेच आली. तेवढ्यात मी एकदा स्क्रीन रिफ्रेश केला, तर नोंद परत तिथेच.

ती म्हणाली, आली वाटतं. आणि गेली.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
सहा वेळा काढली. सहा वेळा आली. माझ्या मते लिपिकाचा एखादा तुकडा आत कुठेतरी चालू आहे आणि तोच नोंद परत लिहितो. माझं हे निदान शंभर टक्के बरोबर आहे. तुकडा कुठे आहे, एवढंच समजायचं बाकी.

जंक्शनवर, म्हणजे मोठ्या चौकात, रीजाच्या डीटीपी-छपाईच्या दुकानात गेलो. मदतीसाठी नव्हे. तिला किती येतं ते बघायला. मी प्रश्न टाकला. ती म्हणाली, अंकल, कॉम्प्युटर इकडे आणा ना, अर्ध्या तासात करून देते. मी म्हटलं, तत्त्वतः सुटलेलंच आहे. मग फाइलचा विषय निघाला. ती हसायला लागली. म्हणाली, टीचरच्या पुस्तकाची तुम्ही अजिबात काळजी करू नका.

लोक धीर देतात. चांगली मुलगी आहे.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
दुपारी टीचरकडे गेलो. व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. आवाजावरून ओळखलं. अरे दिवाकरा, पुस्तक कुठवर आलं? मी म्हटलं, अखेरच्या टप्प्यात आहे. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, मोठ्या टाइपात काढ रे बाबा, पहिलं पान तरी मला वाचता यावं.

थेट घरी आलो. ठरवलं, आज ती नोंद जाणारच.

संध्याकाळी ६
कॉम्प्युटर चालू होताना निळा स्क्रीन येतो आणि परत बंद होतो. तर्काने बघितलं तर नोंदही बंद पडली असणार.

२१ ऑक्टोबर, शनिवार
चालू झाला. अंतोने बाजूला एक थाप मारली. यात त्याचं काही श्रेय नाही.

नोंद जागेवर आहे. टीचरचं पुस्तक डॉलर आणि टिंबांत आहे. उद्या संध्याकाळी पूजा. आज पहिल्यांदा मनात आलं की मी टीचरचं पुस्तक बुडवलं. जेवण गेलं नाही. विलासिनीला सांगून टाकायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी दोनदा जाऊन आलो. ती नारळ खोवत गुणगुणत होती. एवढी निश्चिंत बाई, तिला काय सांगू? तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने खोबऱ्याची वाटी हातात दिली. खाल्लं आणि परत आलो.

२२ ऑक्टोबर, रविवार. अष्टमी
पूजा मांडली. दिवा, पोहे, लाह्या, गूळ. विलासिनीने लाल रेशमात गुंडाळलेलं काहीतरी मधोमध ठेवलं. टीचरच्या हस्तलिखित वह्या असणार. बिचारी. वह्या तरी आहेत म्हणायचं.

अंतो आणि मी कॉम्प्युटर उचलून आणला. चंदन लावलं. अंतो म्हणाला, दिवाकरेट्टा, आता देवीच ती नोंद काढेल. शेवटी विलासिनीने माझ्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून देवीपुढे ठेवला. हत्यार आहे, तेही ठेवायला हवं म्हणाली. शास्त्र पाळणारी बाई.

एक सांगायलाच हवं. कॉम्प्युटर पूजेत गेल्यावर मला फार बरं वाटलं. दोन दिवस हात लावायची मनाईच आहे. आता काम अडलंय ते माझ्यामुळे नव्हे, धर्मामुळे.

२३ ऑक्टोबर, सोमवार. नवमी
आज लिहायचं नसतं. हे पेन्सिलीने आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. विजयादशमी. सकाळी ११
सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळी टीचरना खुर्चीसकट आमच्याकडे आणलं. आधी पूजा उठवली. मग प्रत्येकाने तांदळात बोटाने अक्षरं काढली. मी एकच अक्षर तीनदा गिरवलं. आता टीचर विचारणार, पुस्तक कुठंय.

विलासिनीने लाल रेशीम सोडलं. आत पुस्तक होतं. छापलेलं. निळं कव्हर, वर टीचरचा फोटो, अक्षर बोटाएवढं मोठं. तिने ते टीचरच्या मांडीवर ठेवलं. टीचरनी पान डोळ्यांना चिकटवलं, ओठ हलवत पहिली ओळ वाचली, आणि त्यांच्या गालांवरून पाणी आलं. माझ्याही आलं. आनंदाचं म्हणायचं, की सुटलो म्हणून, मला सांगता येत नाही.

मग त्या म्हणाल्या, दिवाकरा, आवाज चांगला आहे तुझा, एकसष्टावं पान वाच.

उभा राहून वाचलं. पाचवीतल्या एका मुलाची गोष्ट. शाळेचं भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडायचं. मुलगा म्हणाला, मला येतं, मी करतो. त्याने उघडलं. परत बंद केलं तेव्हा चार स्क्रू उरले. ओणमपर्यंत शाळेला घड्याळ नव्हतं, मधली सुट्टी टीचर सावली बघून द्यायच्या. तो मुलगा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की दुरुस्ती तत्त्वतः झाली आहे.

सगळे हसले. मीही हसलो. असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतोच. अंतो डोळे पुसत म्हणाला, दिवाकरेट्टा, त्या शाळेत पाचवीचा वर्ग एकच होता ना?

सगळे गेल्यावर विलासिनीला विचारलं, हे छापलं कधी? ती भांडी आवरत म्हणाली, रीजाला प्रत ऑगस्टमध्येच दिली होती. मी म्हटलं, ऑगस्टमध्येच का? ती म्हणाली, सगळं टाइप झाल्यावर एका संध्याकाळी एकसष्टावं पान तपासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने जंक्शनला गेले.

मग हात पुसून जवळ बसली. म्हणाली, अहो, तुम्ही शनिवारी तीनदा दाराशी आलात ना, तेव्हा सांगणार होते. पण म्हटलं, एकदा तरी हा माणूस स्वतःहून म्हणतो का बघू.

मी उरलेली भांडी पुसायला घेतली.

दुपारी १
कॉम्प्युटर टेबलावर आणला. चालू केला. जुनी आवृत्ती आधीच आहे, ती आधी काढा. बंद केला. राहू दे.

दुपारी ३
हॉलमधलं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. साधं काम, मागचं झाकण फक्त उघडायचं. स्क्रूड्रायव्हर सापडेना. विलासिनीला विचारलं. ती म्हणाली, पूजेत आहे. मी म्हटलं, पूजा सकाळीच उठली. ती म्हणाली, बाकीच्यांची उठली. त्याची नाही.