आढ्याला टांगलेली फुलं

मामाजी,

तुमच्या घरात सून म्हणून नांदले त्या साऱ्या वर्षांत तुमच्याशी मी थेट बोलले ती एकदाच, आणि तेही चार वाक्यं. आज पुन्हा बोलायला बसले आहे. घरात कोणी नाही, तरी कागद पुढे ओढण्याआधी डोक्यावरचा पदर सारखा केला. तुम्ही गेलात तेव्हा मी तिशीतही नव्हते आणि आता तुमच्यापेक्षा म्हातारी झाले आहे, म्हणजे खरं तर आता तुम्हीच मला वाकून नमस्कार करायला हवा. हे थट्टेने लिहिलं. पुढचं थट्टेचं नाही.

तेव्हाची रीतच तशी होती. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही. तुम्ही अंगणातूनच खाकरत यायचात, मी आत सरायची. पण वैनगंगेच्या काठच्या त्या रेताड तुकड्यात आपण वाकून काम करत असू तेव्हा गप्प राहून कसं भागणार? मग तुम्ही रोपांशी बोलायचात. "काय गा रोपट्या, उन्हं चढल्याबिगर तुले कापाचं नाही. दव असलं का काळा पडतेस. समजलं का?" असं तुम्ही झाडाला बजावायचात आणि विळा माझ्या हातात थांबायचा. मलाही काही विचारायचं असलं की मी पुढच्या वाफ्याला विचारायची, "या पानावर डाग काहून पडून राहिले व माय?" आणि दोन वाफे सोडून उत्तर यायचं. माझ्या बापाने मला शिकवलं नाही तितकं तुम्ही माझ्याकडे न बघता शिकवलंत.

ते फूल आपल्याकडचं नव्हतंच. नागपुरात एका बंगल्यावर माळीकाम करणाऱ्या तुमच्या बालमित्राने पुडीतून बी आणून दिलं, नाव सांगितलं स्टॅटिस, आणि म्हणाला की हे वाळलं तरी रंग सोडत नाही, नागपूरचा एक दुकानदार वाळलेल्या जुड्या घेतो. गावाने त्याला कागदी फूल म्हटलं. पहिल्या वर्षी तुम्ही ते धानाच्या बांधीत लावलंत आणि धानासारखंच लाडावलंत. आपल्या लोकांना माया करायची म्हणजे पाणी द्यायचं, दुसरं ठाऊकच नाही. जमिनीसरशी पसरलेली पानं हिरवीगार दिसत होती आणि मधला गाभा आधी पिवळा, मग काळा पडत गेला. बोट लावलं की हातात यायचा. अख्खी बांधी सडली. दुसऱ्या कोणी तो नाद सोडला असता. तुम्ही पुढच्या वर्षी नदीकाठच्या वाळूत गेलात, जिथे लोक डांगरं लावायचे, आणि हात आखडून पाणी द्यायला शिकलात. माघात पहिला दांडा वर आला, चपटा, कडांना पापुद्रे सुटलेला, आणि त्यावर जांभळा गुच्छ. त्या गुच्छात एक इवलंसं पांढरं फूल असतं. खरं फूल तेच, ते झडून जातं आणि जांभळं राहतं ते त्याचं नुसतं वेष्टन. हे तुम्ही मला दाखवलंत, म्हणजे माझ्या शेजारच्या रोपाला दाखवलंत.

जुड्या उलट्या टांगून वाळवायच्या, उन्हात नाही, अंधारात, कोरड्या जागी. आपल्या घरात अशी जागा एकच, माजघर. आढ्याला दोऱ्या बांधून तुम्ही ओळींनी जुड्या टांगल्यात. पुढच्या वर्षी त्यांच्याच खाली माझं अंथरूण आलं. माझं पहिलं बाळ माहेरी बाळंतपणातच गेलं होतं, आता पुन्हा दिवस गेले होते, म्हणून सासूबाईंनी मला थंडीवाऱ्यातून काढून घरातली सगळ्यात आडोशाची जागा दिली होती. तुमचे चिरंजीव तुमसरकडे खाणीवर, पंधरवड्याने यायचे. या खेपेला बाळ हाती लागेल ना, एवढा एकच विचार मला त्या दिवसांत होता. दुपारी पाय जड झाले की मी पाठीवर पडून वर बघायची. जांभळी, पांढरी, फिकी गुलाबी फुलं डोकी खाली करून माझ्याकडे बघत असायची. मला ती फार आवडायची.

आदल्या वर्षी दुकानदाराने काही जुड्या परत पाठवल्या होत्या, आत बारीक किडे निघाले म्हणून. तो अपमान तुम्हाला झोंबला होता. या वर्षी तुम्ही पांढरी पावडर आणलीत, धान साठवायच्या ढोलीत कीड लागू नये म्हणून टाकतात ती. जुन्या धोतराच्या फडक्यात ती बांधून तुम्ही रोज संध्याकाळी शिडीवर चढायचात आणि एकेका जुडीवर ते गाठोडं थापटायचात. तेवढा वेळ मी चुलीपाशी जाऊन बसायची. परत आले की दारातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात ती धूळ अजून तरंगत असायची. तिला ओल्या भिंतीसारखा वास होता. माजघरातल्या गुंडातलं, त्या पितळी घागरीतलं, पाणी घशाशी कडू लागायचं. मला वाटायचं, पोटुशीपणात तोंडाची चव जाते ती हीच.

पहिल्यांदा घरातल्या मुंग्या गेल्या. गुळाचा डबा उघडा राहिला तरी एक मुंगी फिरकेना. मग डास गेले, भिंतीवरच्या पाली गेल्या. सासूबाई कौतुकाने शेजारणींना सांगायच्या की आमच्या घरात औषधाला झुरळ नाही, आणि शेजारणी हेवा करायच्या. मग एका सकाळी आढ्यावरच्या घरट्यातून चिमणीची पिल्लं मरून खाली पडली, माझ्या उशीपासून हातभर अंतरावर. त्यानंतर आपली मांजर. ती जुड्यांखालीच झोपायची आणि उठली की अंग चाटत बसायची. एक दिवस तिचे पाय आपोआप झटकायला लागले. चुलीपासून दारापर्यंत ती धडपडत गेली आणि उंबऱ्यावरच संपली. सासूबाईंनी तिला फडक्यात गुंडाळलं आणि मान वर करून जुड्यांकडे बघितलं.

"सुकून बी जे मरत नाही ते फूल नोहे," त्या तुम्हाला म्हणाल्या. "देवाले वाहिलं तर त्याचं निर्माल्य होत नाही. असली वस्तू तुमी घरात उलटी टांगली, आन् खाली पोटुशी बाई झोपून राहिली."

तुम्ही हसलात. "अवो, फूल हाये ते. फुलानं कोनाचं काय वाकडं केलं?"

"मंग मांजर काहून मेली?"

"म्हातारी झाली होती."

"पिल्लं बी म्हातारी झाली होती काय?"

तुम्ही धोतर झटकून उठलात आणि शेतावर निघून गेलात. मग सुईणबाई आली, तिनेही वर बघून तोंड वाकडं केलं. माजघराच्या दाराला लिंबू-मिरच्या लागल्या, माझ्या अंथरुणाभोवती राखेची रेघ ओढली गेली. जितकी त्यांनी फुलांना नावं ठेवली तितके तुम्ही हट्टाला पेटलात आणि पावडरीचा हात अधिकच सढळ झाला. आज मला वाटतं, या घरात काहीतरी जीव घेतंय हे सासूबाईंना बरोबर कळलं होतं. बोट तेवढं त्यांनी चुकीच्या वस्तूकडे दाखवलं. फुलाचा दोष नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावरच तुम्ही निर्धास्त झालात. मीसुद्धा मनातून तुमच्याच बाजूची होते. अडाणीपणा म्हणून आपण दोघं न बोलता हसलो होतो.

होळीच्या आधीचं सारवण चाललं होतं. त्या दिवशी सकाळपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. मी कोणाला बोलले नाही, काम केलं की हलेल म्हणून शेणाचा हात फिरवत राहिले. शिडीच्या मागे तुमच्या पावडरीचा डबा होता. मी सातवी शिकलेली, पण तोवर तो कधी हातात घेतला नव्हता. वर कवटी, खाली आडवी हाडं, आणि बारीक अक्षरांत लिहिलेलं, श्वासातून आत जाऊ देऊ नये. मी वर बघितलं. राखेच्या रेघेवरसुद्धा पांढरा थर बसला होता. शेणाचे हात तसेच घेऊन मी सपरीत, बाहेरच्या पडवीत आले. तुम्ही जुड्या बांधत बसला होतात.

"मामाजी, त्या डब्यावर कवटी हाये."

तुमच्या हातातला दोरा थांबला. तुम्ही वर बघितलं नाहीत. पण या वेळी रोपाशी बोलला नाहीत, मलाच म्हणालात, "धानाच्या ढोलीत बी तेच टाकतो ना बेटा. सारं गाव खाते."

"खाते जी. पर त्याच्याखाली कोनी झोपत नाही." आणि मग लाज सोडून मी तेही बोलले, जे सुनेनं सासऱ्याला कधी सांगायचं नसतं. "सकाळपासून पोटातलं हललं नाही."

तुम्ही उठलात. भर दुपारी, कोणालाही हात लावू न देता, एकेक जुडी तुम्ही स्वतः उतरवलीत. माझं अंथरूण उकिरड्यापलीकडे नेऊन जाळलंत, गुंड ओतून दिला, नदीवरून पाणी आणून माजघर धुऊन काढलंत. मला शेजारच्या घरी निजवलं. तिन्हीसांजेला बाळाने कूस बदलली आणि मी इतकी रडले की सासूबाई घाबरल्या. त्यांना वाटलं आपल्या बोलण्याने फुलं घराबाहेर गेली. तुम्ही त्यांना तसंच वाटू दिलंत.

पण जुड्या टाकून दिल्या नाहीत. त्या बैलांच्या कोठ्यात नेऊन टांगल्यात. पवनीहून एसटीच्या टपावर माल जायचा होता, लग्नसराई तोंडावर होती, कोठ्यात उंदीर फार, म्हणून राखणीला तुम्ही स्वतःच तिथे खाट टाकलीत. आणि बैल बाहेर, चिंचेखाली बांधलेत. याचा मला आजही संताप येतो, मामाजी. बैल बाहेर काढलेत म्हणजे माझं बोलणं तुम्हाला पटलं होतं. बैलाचा जीव कळला आणि स्वतःचा कळला नाही? पुढच्या वर्षीही कोठ्यातच, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि ते फडकं तुमच्याच हातात. "आता हे सोडा" असं सांगायला मला पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं, आणि तुम्ही तर मला बघितलं की लांबूनच वाट बदलायचात.

बाळ झालं, मुलगी, हाती लागली, चांगली रडली. सासूबाईंनी तिला फडक्यात घेऊन तुमच्यापुढे धरलं. तुम्ही दोन पावलं मागे सरकलात. आतून मी ऐकलं, "नोको, नोको. माझ्या हाताले वास हाये." राखेने, चिंचेने, मातीने हात घासताना मी तुम्हाला कितीदा बघितलं, पण तुम्ही तिला कधी उचललं नाही. ती रांगत तुमच्याकडे यायला लागली तर तुम्ही खाटेवर पाय वर घ्यायचात. मग तुमची जीभ जड झाली, भाताचा घास तोंडापर्यंत जाईना, वाटी हातातून निसटायची. एकदा सपरीत तुमचे पाय त्या मांजरीसारखेच झटकायला लागले आणि मी दाराआड उभी राहून डोळे मिटून घेतले. डॉक्टर मिरगी म्हणाले. तुम्ही गेलात तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या की फुलानं नेलं शेवटी. मी त्यांना खोडलं नाही.

ती रेताड पट्टी आता धरणाच्या पाण्याखाली आहे, गाव उठून दुसरीकडे बसलं. तुमची नात चाळिशी ओलांडून गेली. नागपूरला शाळेत शिकवते. आजोबांनी आपल्याला कधी मांडीवर घेतलं नाही, हे तिला तिच्या आत्यांनी सांगितलं आहे, आणि पोरगी झाली म्हणून घेतलं नाही हे तिचं तिनेच ठरवलं. तुमचा फोटोही ती लावत नाही. गेल्या वर्षापासून खडू धरायचा तिचा हात मधेच ऐकेनासा होतो. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे मी सोबत गेले. त्यांनी तिला बरंच विचारलं, मग माझ्याकडे वळले. ही पोटात असताना घरात कसली फवारणी, पावडर, असलं काही होतं का? मी म्हटलं, "नाही जी. साधं घर होतं."

खरं सांगितलं तर तुम्ही तिला का उचललं नाही हे तिला कळेल, तुमच्यावरचा एक आळ जाईल. आणि त्याच वाक्याने दुसरा येईल. तुमचं नाव राखायला मी नाही म्हटलं, असं बसमध्ये मी स्वतःला समजावत आले. ते खोटं आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या मनातही नव्हता. "त्यामुळेच असेल" हे त्यांच्या तोंडून ऐकायची मला भीती वाटली, एवढंच.

हे कुठे पाठवायचं नाही, घडी करून पेटीतल्या लुगड्यांखाली ठेवीन. सोमवारी तिला पुन्हा बोलावलं आहे. काल फोनवर म्हणाली, "आई, तू कायले येतेस उगाच? दगदग होते. मी एकटीच जाऊन येतो." मी लगेच हो म्हटलं.