तीन गावांतला एकमेव युरोपियन

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.
नव्या ऑफिसात हजर. नेदरलँड्स, जर्मनी आणि बेल्जियम जिथे एकमेकांना चिकटतात तिथे. तीन गावं, मधून एक रस्ता. माझं पद: सामायिक युरोपीय ओळख अधिकारी. ब्रुसेल्सची अट अशी की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ‘मी आधी युरोपियन’ या शपथेवर तीनशे गावकऱ्यांच्या सह्या हव्यात. झाल्या तर पद कायम, नाही तर एकतीस डिसेंबरला ऑफिसला कुलूप. माझं वय चोपन्न. तीनशे सह्या म्हणजे फार तर दोन आठवड्यांचं काम.

संकल्प: गावकऱ्यांशी प्रेमाने वागायचं. त्यांचा वकूब लक्षात ठेवायचा.

५ सप्टेंबर, गुरुवार
पहिली बैठक. आले तिघे. डच गावचा ह्यूब स्किलिंग्स, सायकली दुरुस्त करतो. जर्मन गावच्या केटेबाई, बेकरी चालवतात. बेल्जियन गावचा अर्मां पिरोत, चौकात बटाट्याचे फ्राइज तळतो. ह्या मालमसाल्यातून मी युरोप उभा करायचा.

तिघांसाठी तीन दुभाषे ठेवले होते. हे तिघे आपसांत कसल्याशा खरखरीत बोलीत बोलले आणि खिदळले. दुभाषे बिस्किटं खात बसले. शेवटी नियम केला: प्रत्येकाने आपापल्या राष्ट्रभाषेतच बोलावं, म्हणजे एकोपा वाढेल. त्यानंतर कोणीच काही बोललं नाही. शांततेत बैठक पार पडली.

१२ सप्टेंबर, गुरुवार
शपथेचा मसुदा तयार. एक्केचाळीस ओळी. कोणाचं मन दुखू नये म्हणून नद्या, डोंगर, राजे, युद्धं, देव आणि खाद्यपदार्थ काढून टाकले. आता मजकूर अगदी स्वच्छ आहे. अर्मांला वाचून दाखवला. तो म्हणाला, छान आहे, पण हसायचं नक्की कुठे? पालथ्या घड्यावर पाणी.

एकूण सह्या: एक. माझी.

१९ सप्टेंबर, गुरुवार
स्वतः दारोदार फिरलो. लोक कॉफी देतात, सही देत नाहीत. केटेबाईंना स्पष्ट विचारलं की तुम्हाला शेजारच्या राष्ट्रांबद्दल आपुलकी का वाटत नाही. त्या पीठ मळता मळता म्हणाल्या, “साहेब, कोरोनात ह्या रस्त्यावर सरकारने लोखंडी जाळी ठोकली होती. पाच आठवडे मी रोज सकाळी जाळीवरून पाव फेकायचे. अर्मां झेलायचा, आणि पलीकडच्या म्हाताऱ्यांना वाटून यायचा. तेव्हा शपथ द्यायला कुणी आलं नव्हतं.”

फॉर्ममध्ये पाव फेकण्यासाठी रकाना नाही. नोंद केली: नागरिक विषयांतर करतात.

त्यांनी एक पाव हातात ठेवला. खाल्ला नाही. माझा काळा राईचा पाव नेदरलँड्सच्या उत्तरेहून, फ्रीसलंडहून, पोस्टाने येतो. दुसरा माझ्या घशाखाली उतरत नाही. हा चवीचा प्रश्न आहे, ओळखीचा नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
एकेकट्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मोठा समारंभ करायचा, सगळ्यांच्या सह्या एकदम. तारीख मीच सुचवली: अकरा नोव्हेंबर, सकाळी अकरा. पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस. गंभीर, उदात्त.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जे घडलं ते मुद्दाम ठळक अक्षरांत लिहितो. तिघे एकदम हो म्हणाले. सगळे येतील म्हणाले. हॉल त्यांचा, बँड त्यांचा, बिअरही त्यांचीच. फक्त वेळ अकराऐवजी अकरा वाजून अकरा मिनिटं ठेवा म्हणाले. खेडवळांचं घड्याळ. दहा-अकरा मिनिटं उशीर धरूनच चालतात. मोठ्या मनाने मान्य केलं.

नेतृत्व म्हणतात ते हेच.

८ ऑक्टोबर, मंगळवार
आनंदाची बातमी. तिन्ही गावांनी आपणहून समिती नेमली आहे. अकरा सभासद, अध्यक्ष ह्यूब. महिनाभराच्या माझ्या मेहनतीचं फळ. मी त्यांना कार्यपद्धतीची बत्तीस पानं पाठवली. ह्यूबचा निरोप आला की पानं फार उपयोगी पडतील, आणखी असतील तर द्या.

आणखी साठ पाठवली.

२३ ऑक्टोबर, बुधवार
लोक बदलताहेत. आज बेकरीत चार बायका माझ्याकडे टक लावून बघत होत्या. एकीने माझा करडा कोट कुठून घेतला ते विचारलं. दुसरीने चष्म्याची फ्रेम. अर्मांने माझ्या बगलेतल्या निळ्या फाइलचं माप घेतलं. मी बोलताना डाव्या हाताचं बोट वर करतो, ते ह्यूबने पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तीन वेळा केलं.

ह्यांना आदर्श हवा होता, तो मिळाला. माझ्यासारख्याला जन्मभर ब्रुसेल्सच्या तळघरात फायली लावायला बसवलं होतं, ह्याचं आज वाईट वाटलं.

४ नोव्हेंबर, सोमवार
ब्रुसेल्सहून समारंभाला इनेश काल्देइरा येणार. पोर्तुगीज, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि माझ्या पदाचा निकाल तिच्या अहवालावर. दक्षिणेकडची माणसं. खाणंपिणं आणि गाणं. तिला भारदस्तपणा काय असतो ते दाखवून देतो. पोडियम भाड्याने घेतला. दोन मिनिटं मौन पाळण्याची सूचना छापून घेतली.

१० नोव्हेंबर, रविवार
भाषण पाठ. पंचेचाळीस मिनिटं. पहिल्या वाक्याला लोक गहिवरतील असा अंदाज. इनेशबाईंना रुमाल जवळ ठेवायला कळवलं आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.
जमेल तसं लिहितो.

अकरा वाजून पाच मिनिटांनी हॉलमध्ये शिरलो. समोर मी बसलो होतो. तीनशे वेळा. करडे कोट, जाड फ्रेमचे चष्मे, बगलेत निळ्या फायली. बायका, म्हातारे, पोरं, पाळण्यातलं एक बाळसुद्धा. स्टेजवर अकरा जणांच्या टोप्यांना पिसं. अकरा वाजून अकरा मिनिटांनी तोफ उडाली, बँड वाजला आणि तीनशे जणांनी डाव्या हाताचं बोट एकदम वर केलं.

ह्या भागात अकराव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी, बरोबर ह्या मिनिटाला, कार्निव्हलचा हंगाम सुरू होतो. तिन्ही गावांचा मिळून एकच. दरवर्षी कुणाची तरी टर उडवायची असते आणि ते अकरा जण ठरवतात कुणाची. हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं, पण विचारायचं हे मला कळणार कसं? मी उत्तरेचा. आमच्याकडे ह्या दिवशी पोरं कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणतात आणि आठला झोपतात.

भाषण ह्यूबने केलं. माझ्या ब्याण्णव पानांतून निवडलेले उतारे, एक अक्षरही न बदलता. लोक हसून रडले. इनेशबाईंना रुमाल लागला.

मी पोडियमला धरून उभा होतो. वाईट वाटलं. राग आला असं लिहिणार होतो, पण वाईटच वाटलं.

इनेशबाईंनी ह्यूबला विचारलं की हे तुम्ही कधीपासून एकत्र करता. तो म्हणाला, “माझ्या पणज्याच्या आधीपासून, बाई. तेव्हा इथे सीमेवर पहारा होता. पहारेकऱ्यालाही पिसांची टोपी घालायचे.” त्या बिअर घेऊन केटेबाईंबरोबर नाचायला गेल्या. छापलेलं मौन कोणी पाळलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
शांत डोक्याने विचार केला. परिस्थिती उत्तम आहे. जाताना प्रत्येकाने शपथेवर सही केली. मोजल्या. तीनशे बारा. लक्ष्यापेक्षा बारा जास्त.

दुपारी ३. एक छोटी तांत्रिक बाब. तीनशे बाराही सह्या ‘सायब्रेन विआर्डा’ अशा आहेत. म्हणजे माझ्या नावाच्या. काहींना माझी सही माझ्यापेक्षा चांगली जमली आहे.

दुपारी ५. तरी मुद्दा निघतोच. सामायिक ओळख हवी होती. तीन देशांच्या तीनशे बारा माणसांची ओळख एकच झाली. ह्याहून सामायिक काय असतं? तसं पत्र ब्रुसेल्सला धाडलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
अहवाल आला. अडीच पानं. इनेशबाईंनी लिहिलंय की तिन्ही गावांत एकोपा आधीपासूनच आहे, अधिकाऱ्याची गरज दिसत नाही. वैध सही: एक. ती इतरांहून वेगळी काढायला तज्ज्ञ बोलवावा लागला. पद एकतीस डिसेंबरला संपतं.

अपील करणार. अपिलाला गावकऱ्यांचा पाठिंबा लागतो म्हणून संध्याकाळी बेकरीत गेलो. केटेबाई, ह्यूब, अर्मां, सगळे तिथेच होते. चेष्टा कोणी केली नाही. ह्यूबने जायच्या दिवशी सामान स्टेशनपर्यंत न्यायला गाडी देऊ केली. केटेबाईंनी ताजा पाव बांधून दिला आणि विचारलं, “आता घरी जाणार ना? घर कुठलं हो तुमचं?”

मी म्हणालो, युरोप.

“ते झालंच,” त्या म्हणाल्या. “पण जेवायला वाट कोण बघतंय?”

फ्रीसलंडला बहीण आहे. पाव तीच पाठवते. तिच्याकडे गेलो त्याला एकवीस वर्षं झाली. मी घाईत आहे असं सांगून निघालो आणि खोलीवर आलो. केटेबाईंचा पाव उघडला. गरम होता. उभ्या उभ्याच संपवला.